सायकल शिकताय? आधी थांबायला शिका

पाऊस उघडला, रब्बीच्या पेरण्या मार्गी लागल्या, शाळेच्या मैदानातला चिखल वाळून जमीन टणक झाली, की गावात सायकल शिकण्याचे दिवस येतात. नेमके याच दिवसांत साखर कारखान्यांचे गाळपही सुरू होते. दिवाळीच्या आगेमागे धुराडी पेटली की थेट मार्च-एप्रिलपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपल्या अरुंद रस्त्यांवरून रात्रंदिवस ये-जा करतात. म्हणजे नवशिक्याचा हंगाम आणि रस्त्यावरच्या गर्दीचा हंगाम एकच. म्हणून आज खत-औषधाचा विषय बाजूला ठेवून सायकलचा घेतला आहे. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे पुढच्या खेपेला बघू.

तुम्ही म्हणाल, घरोघरी मोटारसायकल आली, आता सायकलचे काय घेऊन बसलात? मोटारसायकल आली हे खरे, पण ती घरात एकच असते आणि सकाळी दूध घालायला गेलेली ती दुपारपर्यंत तालुक्याच्या गावीच असते. घरातली मुलगी, सून, थकलेला चुलता यांच्या वाट्याला पायपीटच राहते. गावची शाळा सातवीपर्यंत, आठवीची शाळा चार किलोमीटरवर, ही परिस्थिती आजही कितीतरी वाड्यांची आहे. चार किलोमीटर चालायला पाऊण ते एक तास जातो. सायकलवर रमतगमत गेले तरी वीस मिनिटे. जाऊन-येऊन रोजचा तासभर वाचतो, आणि हिवाळ्यात मुलगी अंधार पडायच्या आत घरी येते. आठवी-नववीत मुलीची शाळा सुटते ती पुष्कळदा या चार किलोमीटरमुळेच सुटते. हुशारीचा प्रश्न नसतो.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकलसाठी मदत मिळते. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींसाठी अशीच योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत हा फरक अधिक होता. एका सायकलने एवढे होते.

पण सायकल मिळणे आणि सायकल येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीशाळेच्या निमित्ताने गावोगाव फिरताना मी बघते, गोठ्यात कडब्याला टेकवून ठेवलेली लेडीज सायकल असते, तिच्या कॅरिअरवर कोंबडी बसलेली असते. विचारले तर घरची बाई सांगते, "मॅडम, सायकल आहे की. पण पोरीला शिकवणार कोण? तिचा भाऊच फिरवतो." वाटपाच्या दिवशी हार-तुरे होतात, फोटो निघतो, शिकवायचे काम मात्र कोणाच्याच अंगावर पडत नाही.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याने हे काम अंगावर घेतले होते. १९९१ च्या साक्षरता मोहिमेत तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम जोडला. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, परिचारिका, अंगणवाडीच्या बायका अशा हजारोजणी शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर सविस्तर लिहिले आहे. त्यातली एक गंमत मला फार आवडते : लेडीज सायकली मिळेनाशा झाल्यावर बायकांनी बिनदिक्कत पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या. का, तर पुढच्या दांडीवर पोराला बसवता येते!

तेव्हा वयाची आणि लाजेची सबब नको. चाळिशीतल्या बाईलाही सायकल येते. फक्त शिकवण्याची आपली जुनी पद्धत सोडावी लागेल.

आपल्याकडे जुनी माणसे कशी शिकली ते आठवा. तासाच्या भाड्याने आणलेली चोवीस इंची सायकल, दांडीखालून एक पाय पलीकडे घालून तिरके लटकायचे आणि हाफ पायडल मारायचे. मागे कॅरिअर धरून थोरला भाऊ पळायचा आणि न सांगता सोडून द्यायचा. समोर उकिरडा, नाही तर बाभळ, नाही तर कोणाची तरी म्हैस. पडल्याशिवाय सायकल येत नाही असे तेव्हापासून सगळे धरून चालले आहेत. या पद्धतीत तोल येतो, पायडल मारता येते, पण थांबायला कोणी शिकवत नाही. थांबायचे म्हणजे कशाला तरी जाऊन टेकायचे किंवा उडी टाकायची. मैदानावर हे खपून जाते. डांबरीवर पन्नास-साठच्या वेगाने जीप येत असताना उडी कुठे टाकणार?

आधी पायडल काढा

शिकणाऱ्याच्या मापाची सायकल घ्या. सीटखालचा नट सैल करून सीट इतकी खाली करा की तिच्यावर बसल्या-बसल्या दोन्ही तळपाय जमिनीवर पुरते टेकतील. मग दोन्ही पायडल काढून ठेवा. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. डावे काढताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस भलतीकडे जोर लावून आटे खराब करतो. जमत नसेल तर पंक्चरवाल्याकडे न्या, त्याला पाच मिनिटे लागत नाहीत.

आता सीटवर बसायचे आणि नुसते चालायचे. डावा पाय, उजवा पाय. मग लांब ढांगा टाकायच्या, मग ढांग टाकून दोन्ही पाय क्षणभर उचलायचे. मैदानाला थोडा उतार असला तर उत्तम. पाय उचलून पंधरा-वीस फूट सायकल सरळ गेली की तोल आला म्हणून समजा. लहान पोरांना दोन-तीन संध्याकाळी पुरतात, मोठ्या माणसाला आठवडा लागला तरी बिघडत नाही. पाय सतत जमिनीजवळ असल्यामुळे पडण्याची भीती निम्मी होते, आणि भीती गेली की अर्धे काम झाले.

नजर कुठे ठेवायची ते तुम्हाला मी सांगायला नको. नांगर धरताना तास सरळ पडायचा तर डोळा पलीकडच्या बांधावरच्या खुणेवर लागतो. फाळाकडे बघितले की तास वाकडा गेलाच. सायकलचे तसेच आहे. पुढच्या चाकाकडे बघू नका, लांब समोर बघा. आणि जे चुकवायचे आहे त्याच्याकडे टक लावू नका. खड्ड्याकडे बघत राहिले तर सायकल खड्ड्यातच जाते.

तोल म्हणजे ताकद नव्हे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवले की चाके पुन्हा अंगाखाली येतात, एवढीच त्यातली मेख आहे. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो, शिवाय मुठी आवळतो आणि अंग ताठ करतो. कॅरिअर धरून मागे पळणारा हे काम शिकणाऱ्याला करूच देत नाही, स्वतःच करतो. म्हणून त्याने सोडले की सायकल आडवी. आधार द्यायचाच तर सायकलला देऊ नका, शिकणाऱ्याच्या पाठीला हात लावून बरोबर चाला. आणि हेही सांगा, की फार हळू गेले तर सायकल जास्त डुगडुगते, जरा वेग धरला की सरळ चालते.

तोल आल्यावर पायडल बसवा. निघताना डावा पाय जमिनीवर, उजवे पायडल पुढे आणि वर, घड्याळात दोनला काटा असतो तिथे. ब्रेक सोडून एक भक्कम दाब द्या, सीटवर बसा, दुसरा पाय आपोआप पायडल शोधतो. हात बसला की आठ-पंधरा दिवसांनी सीट वर घ्या. पायडल अगदी खाली गेल्यावर गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, नाही तर चार किलोमीटरमध्ये गुडघे दुखतात आणि मग "सायकल मला मानवत नाही" अशी तक्रार सुरू होते.

कपड्यांचे एक बघा. पदर कमरेला खोचायचा, ओढणी मागे गाठ मारायची, पायजम्याची डावी-उजवी दोन्ही टोके घट्ट. चेनकव्हर आणि मागच्या चाकावर जाळी असल्याशिवाय साडीत सायकल चालवू नये. नऊवारीवाल्या आज्यांना काष्ट्यामुळे हा त्रास कमी, हे शेतीशाळेत एका आजींनीच मला ऐकवले. शिकायची वेळ सकाळची धरा आणि बघ्यांना हाकलून द्या. हसणाऱ्यांच्या टोळक्यासमोर कोणालाच तोल सापडत नाही.

ब्रेकची तालीम

इथे घाई करू नका. कोणती मूठ दाबली की कोणत्या चाकाला ब्रेक लागतो, हे आधी सायकल हातात धरून, ढकलत नेऊन बघावे. दुरुस्तीत तारा उलटसुलट जोडलेल्या असू शकतात. पुढचा ब्रेक जास्त जोरात धरतो, कारण थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो. पण वळणावर, वाळूवर किंवा मुरमावर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर चाक सरकून माणूस आडवा होतो. मागचा एकटा दाबला तर सायकल उशिरा थांबते आणि मागचे चाक घसटत जाते. म्हणून दोन्ही ब्रेक बरोबर, हळूहळू दाब वाढवत, आणि अंग जरा मागे. मागचा किंचित आधी लागला तर उत्तमच.

आता मैदानात चुन्याची रेघ ओढा. वेगात यायचे आणि पुढचे चाक रेघेच्या अलीकडे थांबवून डावा पाय टेकायचा. पुढे जाऊन शिकवणाऱ्याने मध्येच "थांब" म्हणून ओरडायचे, तिथल्या तिथे थांबायचे. मुलगी सलग दहा वेळा रेघेच्या आत थांबली, की मगच तिला डांबरीवर न्यावे. अकराव्या वेळेला चाक पुढे गेले तर पुन्हा एकपासून मोजायचे. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, माझा आहे, आणि मी तो कोणाच्या आग्रहाखातर सोडत नाही.

रेघेवर थांबणे जमले की मागे वळून बघण्याची तालीम घ्या. मान वळली की हातही वळतात आणि सायकल रस्त्याच्या मधोमध जाते. नवशिक्या इथेच फसतात. सरळ रेघेवर सायकल चालू ठेवायची, मागे उभ्या असलेल्याने बोटे दाखवायची, चालवणारीने उजव्या खांद्यावरून क्षणभर बघून किती बोटे ते सांगायचे आणि रेघ सोडायची नाही. त्यानंतर एक हात सोडून चालवणे, उजवा हात आडवा करून वळण्याची खूण करणे. पोरे याचा खेळ करतात, करू द्या.

रोज निघताना हवा, ब्रेक आणि चेन. अंगठ्याने टायर दाबून बघा, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. ब्रेकची रबरे झिजून लोखंड रिमला लागत असेल तर लगेच बदला. रबरांना लागणारे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. पावसात रिम ओली असली की ब्रेक लवकर धरत नाही. अशा वेळी आधी दोन-तीन वेळा हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्यावे आणि थांबायला जास्त अंतर ठेवावे.

डांबरीवर आल्यावर

पहिली गोष्ट, डावीकडूनच चालायचे. पुष्कळ आई-बाप मुलीला सांगतात, उजवीकडून जा, समोरचे वाहन दिसते. हे पायी चालणाऱ्याला लागू आहे, सायकलला नाही. हिशेब करून बघा. सायकल ताशी १२ किलोमीटर, ट्रक ताशी ६०. ट्रक मागून येत असेल तर दोघांतले अंतर ताशी ४८ ने कमी होते, समोरून येत असेल तर ७२ ने. शंभर मीटरवरून ड्रायव्हरने सायकल पाहिली तर पहिल्या वेळी त्याच्या हातात साडेसात सेकंद असतात, दुसऱ्या वेळी पाचच. शिवाय मागून येणारा वेग कमी करून सायकलमागे थांबू शकतो, समोरून येणाऱ्याला तीही सोय नाही.

डावीकडून म्हणजे अगदी कडेवरून नव्हे. आपल्या ग्रामीण रस्त्यांवर डांबर पुष्कळदा पावणेचार मीटरच रुंद असते आणि साइडपट्टी पावसाने खचलेली. डांबराची कड आणि खालची माती यांत चार-चार, सहा-सहा बोटांची पायरी झालेली असते. चाक त्या कडेवरून खाली घसरले तर घाबरून तिरके वर चढवायला जाऊ नका. चाक कडेला घासते आणि सायकल उलट रस्त्याच्या आतच पडते. खालीच राहा, थांबा, उतरा, उचलून वर घ्या. मुळात कडेपासून दोन-तीन फूट आत चालवले तर हा प्रसंग येत नाही, आणि मागच्या वाहनालाही तुम्ही नीट दिसता. मोठे वाहन आले आणि रस्ता अरुंद असला तर सरळ उतरून बाजूला उभे राहावे. यात कमीपणा कसला?

उजवीकडे वळायचे असेल तर नवशिक्याने चालत्या सायकलवर वळूच नये. डाव्या बाजूला थांबावे, उतरावे, दोन्हीकडे बघून सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. सवय झाल्यावर खांद्यावरून बघणे, हात दाखवणे वगैरे. कानात मोबाईलच्या गुंड्या घालून सायकल चालवणाऱ्या पोरांना मात्र घरच्यांनीच आवरावे; मागच्या वाहनाचा आवाज हाच आपला आरसा आहे.

ओझे हँडलला अडकवू नका, मग ते दप्तर असो की दुधाची किटली. हँडल जड झाले की वळताना झोके खाते. कॅरिअरवर, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे वजन, बैलगाडी भरताना आपण बघतो तसे. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवून पळू नका. उतरा आणि सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चालत राहा. पोरांसाठी हेल्मेट मिळाले तर जरूर घ्या. सायकलला ते कायद्याने सक्तीचे नसले तरी डोके ते डोके.

ट्रॉलीपासून लांब

उसाच्या ट्रॉल्यांबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण धोका तिथे मोठा आहे आणि तो आपल्या सवयीचा झाला आहे. ट्रॅक्टर हळू चाललेला असतो, म्हणून पोरांना वाटते डावीकडून सटकून पुढे जावे. ट्रॅक्टर वळला की मागच्या ट्रॉल्या त्याच्या चाकोरीतून जात नाहीत, आतल्या बाजूला कापत जातात. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डावीकडे सायकल असली तर दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाखालीच जागा उरते. ड्रायव्हरला मागचे काही दिसत नाही, त्याच्या कानाशी गाण्याचा भोंगा लागलेला असतो. म्हणून ट्रॉलीला डावीकडून कधी गाठायचे नाही. मागून चाललात तर चांगले पंधरा-वीस पावले अंतर ठेवा. बाहेर आलेली उसाची टोके डोळ्याच्या पातळीवर असतात.

आणि ट्रॉलीला धरून सायकल ओढून घेणे, चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसणे! लहानपणी हे सगळ्यांनी केले म्हणून आता पोरांकडे बघून हसतो. हसू नका. पोराला ऊस हवा असेल तर आपल्या फडातला मोडून द्या.

अंधाराचे आणखी एक. ताशी ६० ने येणारी गाडी ड्रायव्हरला अडथळा दिसल्यापासून थांबेपर्यंत साधारण ४० मीटर जाते, भरलेला ट्रक त्याहून जास्त. काळपट कपड्यातला सायकलस्वार एवढ्या अंतरावरून दिसतच नाही. ड्रायव्हरला तो दिसतो तेव्हा ब्रेकचा उपयोग संपलेला असतो. सायकलच्या मागे लाल, पुढे पांढरी आणि पायडलांना पिवळी चकाकी देणारी रिफ्लेक्टरे असायला हवीत. धुळीने मळलेली असतील तर पुसा. पुढे टॉर्च बांधा, वर पांढरा सदरा घाला. ट्रॅक्टरवाल्यांनीही ट्रॉलीला मागे लाल आणि बाजूंना पिवळी चकाकणारी पट्टी लावावी; आणि बंद पडलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर सोडून जेवायला जायचे बंद करावे. चाकामागे लावलेले दगड तर गाडी निघाल्यावर तिथेच पडलेले असतात, सकाळी शाळेच्या वाटेवर.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. जखमीला मदत केली म्हणून पोलिसांचे लचांड मागे लागेल ही भीती अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जोडलेल्या कलम १३४-अ ने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, हे चारचौघांत सांगा.

कोपऱ्यातल्या चार सऱ्या

आता आपल्या शेताचे. पाणंद जिथे डांबरीला मिळते त्या कोपऱ्यावर उसाचा फड असतो. दहा-बारा फूट उंच ऊस, त्यात बांधावरची बाभळ आडवी आलेली. पाणंदीतून येणाऱ्या मुलीला डांबरीवरचे वाहन दिसत नाही, वाहनवाल्याला मुलगी दिसत नाही. सायकलवर थांबून, बघून, पाय मारून रस्ता पार करायला पाच-सहा सेकंद लागतात. ताशी ६० ची गाडी तेवढ्या वेळात ८५ ते १०० मीटर येते. म्हणजे दोन्हीकडे शंभर मीटर तरी मोकळे दिसले पाहिजे.

शेतकऱ्याला मी एवढेच म्हणते, की कोपऱ्यावरच्या चार-सहा सऱ्यांत ऊस लावू नका. तिथे भुईमूग, हरभरा, घास, काहीही बुटके घ्या. उत्पन्नात पडला तर किती फरक पडेल? जनावराला घास तर रोज लागतोच. ज्वारी, मका घेणाऱ्यांनाही हेच. लागण झालेली असेल तर खोडव्यापर्यंत थांबू नका, तोडणीला टोळी आली की तो कोपरा आधी मोकळा करून घ्या. आणि चालवणारीने, कोपरा मोकळा असो वा नसो, डांबराच्या अलीकडे पाय टेकून थांबायचे : उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचे. चुन्याच्या रेघेवरची तालीम यासाठीच होती.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी दोन शब्द. शाळेचे मैदान सकाळी तासभर मोकळे ठेवणे, गावातल्या गोठ्यांत पडून असलेल्या सायकलींपैकी दोन दुरुस्त करून घेणे आणि शिकवायला एक जाणती बाई नेमणे, याला वेगळ्या निधीची वाट बघावी लागत नाही. बचत गटाच्या बायकांनी हे काम घेतले तर आणखी चांगले. रस्त्याचे मात्र लेखी करावे लागते. गावात येणारा रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे अर्ज जातो. रस्ता कोणाचा हे आधी नक्की करा, नाही तर अर्ज दोन कार्यालयांच्या मध्ये फिरत राहतो.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्या : खचलेल्या साइडपट्टीत मुरूम भरून दबाई, गतिरोधकांवर पांढरे पट्टे, पाणंदीच्या तोंडाशी आलेल्या फांद्यांची छाटणी, शाळेअलीकडे सूचनाफलक. ठरावात "रस्ता खराब आहे" असे मोघम लिहू नका. किलोमीटरच्या दगडापासून किती मीटरवर, कोणत्या बाजूला, किती लांब साइडपट्टी खचली आहे, हे टेपने मोजून लिहा. सोबत शाळेत सायकलने जाणाऱ्या मुला-मुलींची संख्या मुख्याध्यापकांच्या सहीने जोडा. अर्ज दोन प्रतींत करा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.